वॅट वाढवले की मासे जास्त दिसतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बोटीवर ६०० वॅटचा, ५०/२०० किलोहर्ट्झचा फिश फाइंडर आहे, म्हणजे पाण्यात ५० किंवा २०० किलोहर्ट्झ फ्रिक्वेन्सीचा आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र. समुद्रात ३०-४० मीटर पाण्यात चित्र झकास येतं. १५० मीटरच्या आसपास गेलं की २०० वर तळाची रेघ तुटायला लागते, मासे तर दिसेनासेच होतात, आणि बोट वेगात असली की उरलंसुरलंही जातं. विकणारा म्हणतो, १ किलोवॅटचं यंत्र घ्या. घ्यावं का? आणि ५० कधी, २०० कधी लावायचं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. ट्रान्सड्यूसर (पाण्यात आवाज सोडणारा आणि परतीचा ऐकणारा भाग) तोच ठेवून फक्त यंत्र बदलणार असाल तर घेऊ नका. १ किलोवॅटचा ट्रान्सड्यूसरही घेणार असाल तर फरक नक्की पडेल, पण तो बहुतांशी वॅटमुळे नसेल. आणि वेगात चित्र जाणं ही तिसरीच भानगड आहे. तिचा फ्रिक्वेन्सीशीही फारसा संबंध नाही आणि वॅटशीही.

वॅटपासून सुरुवात करू, कारण खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात तेच छापलेलं असतं. या धंद्यात हिशेब डेसिबलमध्ये करतात. त्याची धास्ती घेऊ नका. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट, एवढं लक्षात असलं की काम भागतं. ६०० वरून १००० वॅटला गेलात तर मिळतात २.२ डेसिबल. दुप्पटसुद्धा नाही.

आता खर्चाची बाजू बघा. आवाज खाली जाताना पसरतो. खोली दुप्पट झाली की माशापर्यंत पोचणारा आवाज चारपट विरळ होतो. माशावर आपटून परत येताना तो पुन्हा चारपट विरळ होतो. म्हणजे तोच मासा दुप्पट खोल गेला की त्याचा प्रतिध्वनी सोळापट क्षीण होतो. निव्वळ वॅटच्या जोरावर दुप्पट खोलीवरचा मासा दाखवायचा तर ६०० चे ९६०० वॅट करावे लागतील, आणि यात पाणी स्वतः जो आवाज गिळतं तो अजून धरलेलाच नाही. तोही धरून तुमच्या १५० मीटरचा हिशेब केला, तर २०० किलोहर्ट्झवर ते २.२ डेसिबल तुम्हाला जेमतेम ८ ते १० मीटर जास्त खोलीचा मासा दाखवतील. तळ जरा मोठा असामी असल्यामुळे त्याच्या बाबतीत १० ते १३ मीटर धरा. यासाठी नवीन यंत्र?

पाणी आवाज गिळतं म्हणालो, फ्रिक्वेन्सीचा सगळा खेळ तिथेच सुरू होतो. समुद्राच्या पाण्यात या कामाचा मुख्य गुन्हेगार म्हणजे विरघळलेलं मॅग्नेशियम सल्फेट. जेवणातलं मीठ यात जवळपास निर्दोष आहे. आवाजाच्या दाबाने या क्षाराचे आयन जवळ-लांब होत राहतात आणि त्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितकी ही गळती जास्त. १० अंश सेल्सियसच्या समुद्रात ५० किलोहर्ट्झचा आवाज किलोमीटरला सुमारे १५ डेसिबल गमावतो, २०० चा सुमारे ५४.

पण खरी मेख पुढे आहे, आणि ती बऱ्याच जाणत्या लोकांनाही माहीत नसते. पाणी कोमट झालं की हे दोन आकडे एकाच दिशेने सरकत नाहीत. २५ अंशाच्या समुद्रात २०० किलोहर्ट्झची गळती किलोमीटरला ८५ डेसिबलच्या आसपास जाते, आणि ५० ची उलट कमी होऊन ११ वर येते. थंड समुद्रात काम करणाऱ्याने लिहिलेलं ‘२०० वर इतके मीटर दिसतं’ हे वाक्य उष्ण समुद्रात म्हणूनच जसंच्या तसं लागू पडत नाही. १५० मीटर जाणं आणि येणं मिळून ३०० मीटरचा प्रवास. कोमट पाण्यात २०० वर त्यातले सुमारे २६ डेसिबल पाणीच खातं, ५० वर साडेतीनही नाहीत. फरक २२ डेसिबलचा, म्हणजे दीडशेपटीहून जास्त. एक बटण दाबून जो फरक मिळतो तो वॅटने भरून काढायचा म्हटलं तर यंत्र सोडा, बोटही पुरणार नाही.

गोड्या पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट नावापुरतंच असतं. तिथे २०० किलोहर्ट्झची गळती २५ अंशाला किलोमीटरला ८ डेसिबलच्या आत असते. तळ्यात, धरणात १०० मीटर खोलीवरसुद्धा येऊन-जाऊन दीड डेसिबल. तिथे ५० लावायचं काही कारणच उरत नाही, आणि मोठ्या वॅटचंही नाही. फक्त गोड्या पाण्यात फिरणाऱ्या माणसाने किलोवॅटचं यंत्र घेतलेलं पाहिलं की मला थोडं वाईट वाटतं.

मग समुद्रात कायम ५० च का नाही लावायचं? कारण ५० किलोहर्ट्झला दोन मोठे दोष आहेत.

पहिला झोताचा. ट्रान्सड्यूसरच्या आत सिरॅमिकची एक चकती असते, तीच कंप पावून आवाज सोडते आणि तीच परतीचा ऐकते. चकती तीच ठेवून फ्रिक्वेन्सी चारपट कमी केली की तरंगलांबी चारपट होते, ७.५ मिलिमीटरची ३० मिलिमीटर, आणि झोत त्याच प्रमाणात फाकतो. ६०० वॅटच्या वर्गातल्या ५०/२०० च्या ट्रान्सड्यूसरला बहुधा ५० वर ४५ अंशांचा आणि २०० वर १२ अंशांचा झोत असतो. ५० मीटर खोलीवर ४५ अंशांचा झोत तळावर सुमारे ४१ मीटर व्यासाचं वर्तुळ झाकतो, १२ अंशांचा साडेदहा मीटरचं. रुंद झोत म्हणजे जास्त मासे ‘सापडतात’ हे खरं, पण त्यातला कुठला तुमच्या खाली आहे आणि कुठला वीस मीटर बाजूला, हे पडदा सांगत नाही. पडद्याला फक्त अंतर कळतं, दिशा नाही.

यातून तळाजवळचे मासे लपतात ते वेगळंच. सपाट तळावर बरोबर खालून पहिला प्रतिध्वनी येतो आणि तिथे तळाची रेघ उमटते. झोताच्या कडेला, तळापासून दोन मीटर वर असलेला मासा मात्र तिरक्या रेषेत जास्त लांब असतो, म्हणून त्याचा प्रतिध्वनी रेघेच्या नंतर येतो आणि तळाच्या रंगात बुडून जातो. ४५ अंशांच्या झोतात ५० मीटर खोलीवर कडेचा हा आंधळा पट्टा चार मीटरच्या आसपास असतो. १२ अंशांत तो २७-२८ सेंटिमीटर. तळाशी चिकटून राहणारे मासे शोधताना ५० वर विसंबणारे लोक ‘इथे काही नाही’ म्हणून पुढे जातात, ते बहुतेक वेळा यामुळे. उतारावर तर आणखी फसगत: झोताची वरच्या अंगाची कड आधी टेकते, यंत्र तिलाच तळ समजतं आणि खोली खरीपेक्षा कमी दाखवतं.

दुसरा दोष बारकाव्याचा. यंत्र आवाजाचा छोटा तुकडा सोडतं आणि गप्प बसून ऐकतं. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर. एक मिलिसेकंदाचा तुकडा असेल तर पाऊण मीटरच्या आत एकाखाली एक असलेले दोन मासे पडद्यावर एकच दिसतात, ०.१ मिलिसेकंदाचा असेल तर साडेसात सेंटिमीटरपर्यंत वेगळे होतात. वरच्या फ्रिक्वेन्सीवर आखूड तुकडा सोडणं सोपं जातं, कारण तेवढ्यातही पुरेशी आवर्तनं बसतात. खोल पाण्यात यंत्र स्वतःहून तुकडा लांबवतं, जास्त ऊर्जा घालायला. म्हणजे तिथे बारकावा तसाही हातचा गेलेला असतो.

आता तुमचा नेमका प्रश्न, कधी कुठली लावायची. इथे लोक एक आकडा मागतात आणि चुकतात, कारण तळासाठी आणि माशासाठी उत्तर वेगळं आहे. ५० चा झोत फाकल्यामुळे एकट्या माशावर पडणारा आवाज विरळ असतो. एकच चकती धरून हिशेब केला तर एकट्या माशाच्या बाबतीत ५० सुरुवातीलाच सुमारे १२ डेसिबल मागे असतं. ती पिछाडी २०० च्या जास्त गळतीमुळे भरून निघायला कोमट समुद्रात साधारण ८० मीटर खोली लागते, १० अंशाच्या थंड समुद्रात दीडशे. तळाचं तसं नाही. झोत फाकला तर तळाचा जास्त भाग उजळतो, हिशेब बरोबरीत सुटतो आणि ५० ला गळतीचा फायदा पहिल्यापासून मिळतो. त्यामुळे ५० वर तळ ठसठशीत दिसतोय म्हणून मासेही चांगले दिसत असतील असं धरू नका. माझी सवय अशी: कोमट समुद्रात ८०-१०० मीटरपर्यंत मासे २०० वर बघायचे, त्यापुढे पडदा दुभागून दोन्ही लावायच्या, आणि २०० वरचं चित्र पार फाटलं की मगच ५० वर एकट्यावर भिस्त ठेवायची. हे आकडे ढोबळ आहेत. तुमच्या चकतीवर आणि बोटीच्या आवाजावर २०-३० मीटर इकडेतिकडे होतील.

मासा कुठला आहे यावरही थोडं अवलंबून आहे. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि प्रतिध्वनीचा मोठा हिस्सा त्या हवेवरून येतो, मांसावरून नाही. अटलांटिक मॅकरेलला ही पिशवीच नसते. तो ३८ किलोहर्ट्झवर फिका आणि २०० वर उठून दिसतो, हेरिंगचं तसं होत नाही, आणि शास्त्रज्ञ याच फरकावरून दोघांचे थवे ओळखतात. शार्कलाही पिशवी नसते. तेव्हा ‘एवढा मोठा मासा बोटीखालून गेला आणि पडद्यावर काहीच नाही’ ही तक्रार नेहमीच यंत्राची चूक नसते.

२०० ची एक कटकटही सांगून ठेवतो: तिला प्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) आणि बुडबुडे फार दिसतात. तरंगलांबीपेक्षा खूप लहान कणांवरून परतणारा आवाज फ्रिक्वेन्सीच्या चौथ्या घाताने वाढतो. पडद्याच्या वरच्या भागात धुकं साचलं की लोक यंत्र बिघडलं समजतात. थोडा गेन, म्हणजे परतीचा आवाज मोठा करण्याची पातळी, उतरवा, झालं. कधीकधी तर ते धुकं कामाचंही असतं. तापमान बदलतं त्या थरावर प्लवंग साचतो आणि त्याच्या मागे लहान मासे येतात.

४५५ आणि ८०० किलोहर्ट्झची, तळाचं छायाचित्रासारखं चित्र देणारी यंत्रं या हिशेबातून जवळपास बाहेर आहेत. ८०० ची गळती कोमट समुद्रात किलोमीटरला २५० डेसिबलच्या घरात, गोड्या पाण्यात तिच्या निम्मी. उथळ पाण्यात बुडालेलं झाड किंवा मोडकी बोट बघायला सुंदर. १५० मीटरवर तिचं नावही काढू नका.

आता मोठ्या वॅटच्या यंत्राने लोकांना खरोखर फरक का दिसतो ते. १ किलोवॅटचं यंत्र घेतलं की सोबत बहुधा मोठा ट्रान्सड्यूसर घेतला जातो. त्या वर्गात बोटीच्या तळातून आरपार बसवायच्या ५०/२०० च्या ट्रान्सड्यूसरचा झोत बऱ्याचदा १९ आणि ६ अंश असतो, कारण आतल्या चकत्या मोठ्या किंवा जास्त असतात. २०० वर झोत १२ चा ६ झाला म्हणजे आवाज जाताना चारपट एकवटला आणि येताना चारपट जास्त गोळा झाला. सोळापट, १२ डेसिबल. वॅटने दिले होते सव्वादोन. तुमच्या १५० मीटरवर या १२ डेसिबलची किंमत ४० ते ६० मीटर जास्त खोली आहे, वॅटची आठ-दहा. चित्र सुधारतं आणि श्रेय खोक्यावरच्या आकड्याला जातं.

अरुंद झोताचीही किंमत मोजावी लागते. बोट दहा अंश डुलत असेल तर सहा अंशांचा झोत आवाज एकीकडे सोडतो आणि परतीच्या वेळी तोंड भलतीकडे असतं. १५० मीटरवरून प्रतिध्वनी यायला ०.२ सेकंद लागतात, तेवढ्यात लहान बोट बरीच कलते. हलक्या बोटीवर ६ अंश मी सहसा सुचवत नाही.

वॅटचा आकडा वाचताना आणखी एक काळजी. काही उत्पादक आरएमएस (तुकडा चालू असतानाचे सरासरी) वॅट छापतात, काही पीक-टू-पीक (लहरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजलेले). दुसरा आकडा पहिल्याच्या आठपट असतो. ४८०० पीक-टू-पीक म्हणजे तुमचेच ६०० आरएमएस. तुम्हाला दाखवलेलं यंत्र कुठल्या मापात १ किलोवॅट आहे ते आधी विचारा. ते पीक-टू-पीक असेल तर निघतील १२५, म्हणजे तुमच्या आजच्या यंत्रापेक्षाही कमी. आणि छोट्या बॅटरीवर ६०० वॅट कसे निघतात असा प्रश्न पडत असेल तर उत्तर सोपं आहे: एक मिलिसेकंदाचे पाच तुकडे सेकंदाला सोडले तर सरासरी खर्च ३ वॅटच होतो.

उथळ पाण्यात जास्त वॅट अडचणच करतात. चकती तुकडा सोडून झाल्यावरही काही क्षण झणझणत राहते आणि तेवढा वेळ तिला ऐकू येत नाही. जितका जोर तितकी ही झणझण लांबते. तळाचे दुसरे, तिसरे प्रतिध्वनी पडद्यावर खोट्या तळासारखे उमटायला लागतात. (कडक तळ ओळखायला दुसरा प्रतिध्वनी उपयोगी पडतो, चिखलावर तो फिका पडतो; पण तो हवा तेव्हा यावा.) चांगली यंत्रं उथळ पाण्यात जोर आपणच कमी करतात.

आणि जोर ट्रान्सड्यूसरला झेपेल एवढाच द्यावा. सुरुवातीच्या काळात मी ६०० वॅटच्या ट्रान्सड्यूसरला १ किलोवॅटचं यंत्र जोडलं आणि जोराची मर्यादा ठरवायला विसरलो. काही दिवस सगळं छान चाललं. मग खोल पाण्यातला तळ हळूहळू फिका पडत गेला. मी वायरी तपासल्या, गेन वाढवला, मालकाला पाणी गढूळ आहे असंही सांगून पाहिलं. चकतीला तडा गेला होता. नवीन ट्रान्सड्यूसरचे पैसे माझ्याच खिशातून गेले, आणि तुम्ही जी जोडणी करायला निघाला आहात ती हुबेहूब हीच आहे.

पैसे घालायचेच असतील तर चर्पचा विचार करा. साधं यंत्र एकाच सुरात आवाज देतं. चर्प खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत मींड घेतल्यासारखा आवाज सोडतं, आणि परत आलेली मींड मूळच्या मींडीशी जुळवून बघतं. यात गंमत अशी की तुकडा लांब ठेवून भरपूर ऊर्जा घालता येते आणि तरी बारकावा जात नाही, कारण तो आता तुकड्याच्या लांबीवर नाही, मींड किती रुंद आहे त्यावर ठरतो. १३० ते २१० अशी ८० किलोहर्ट्झची मींड असेल तर हिशेबाने एक सेंटिमीटरच्या आसपासचा फरक उलगडतो. म्हणून चर्पच्या ३०० वॅटना साध्या यंत्राच्या ३०० वॅटच्या तराजूत तोलू नये. फक्त तुमच्या जुन्या ५०/२०० च्या ट्रान्सड्यूसरवर चर्प लावून काही साधणार नाही; तो त्या दोन सुरांवरच नीट बोलतो, मधल्या सगळ्यांवर मुका. रुंद पट्ट्याचा ट्रान्सड्यूसर लागेल.

राहिलं वेगात चित्र जाणं. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावरून बुडबुडे वाहत असले की आवाज हवेवर आपटून तिथेच परत फिरतो. अशा वेळी १ किलोवॅट काय आणि १० काय. दुसरं कारण बोटीचा स्वतःचा गोंगाट. पंख्याचा (प्रोपेलरचा) आणि इंजिनाचा आवाज खालच्या फ्रिक्वेन्सीत जास्त असतो, म्हणून तो ५० वर जास्त टोचतो. गेन वाढवून तो जात नाही. गेन माशाला आणि गोंगाटाला सारखाच मोठा करतो.

तेव्हा खरेदीआधी एक फेरी अशी करा. १५० मीटरवर जाऊन इंजिन बंद करा, बोट वाहू द्या, ५० लावा, पडद्यावर ठिपके यायला लागेपर्यंत गेन चढवा आणि एक पायरी उतरवा. मग तसंच २०० वर. हे चित्र म्हणजे तुमच्या यंत्राची आणि ट्रान्सड्यूसरची खरी ताकद. आता इंजिन चालू करून गिअर न टाकता रेस द्या. ठिपके रेसबरोबर वाढले तर गोंगाट इंजिनाच्या आवाजाचा किंवा विजेचा आहे. ट्रान्सड्यूसरची वायर काढून बघा, तरी ठिपके राहिले तर तो वीजपुरवठ्याच्या वायरीतून येतोय. यंत्राला बॅटरीपासून थेट, जाड, वेगळी वायर द्या. रेसने काही झालं नाही आणि बोट चालायला लागल्यावरच चित्र गेलं, तर ट्रान्सड्यूसरची जागा चुकली आहे. मागच्या फळीवर असेल तर पंख्यापासून दूर, तळाच्या पट्ट्यांच्या आणि खिळ्यांच्या रेषेतून बाहेर, आणि तोंड तळाच्या किंचित खाली येईल असा बसवा. एका बोटीवर मी तो एका वीतभर बाजूला सरकवला होता, आणि मालकाने नव्या यंत्राची मागणी त्याच संध्याकाळी रद्द केली.

वाहत्या बोटीवर ५० लावूनही तळ तुटत असेल, तर मात्र मोठ्या चकतीच्या ट्रान्सड्यूसरचं बघा, आणि त्याला शोभेल तेवढेच वॅट घ्या.